पेला आणि परवाना

मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडले. त्यातील हार्बर बार १९३३ सालचा. तेथे वाइन मागविताना आम्हां मध्यमवर्गीयांची जीभ अडखळते, ती परक्या नावांच्या भयाने. वाढपी बाटली दाखवितो, ती मागविलेलीच आहे ना, हे आम्ही पाहावे म्हणून. मग पेल्यात घोटभर ओततो. ती आमच्या रसिकतेची परीक्षा नव्हे; वाइन बिघडलेली नाही ना, एवढेच आम्ही सांगायचे. कुबट वास आला तर परत करावी. केवळ आवडली नाही म्हणून परत करणे मात्र शिष्टसंमत नव्हे.

१९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये महाराष्ट्रात मद्यपानास परवाना लागतो. फ्रेंच उच्चारांचा परवाना कोणी मागत नाही. तेव्हा किंमत निःसंकोच विचारावी. आणि प्यायचीच नसेल, तर त्याच ताठ मानेने लिंबूपाणी मागवावे.