टिनाचं शेड घालताय? आधी जोडांचं विचारा

अमरावतीच्या राजापेठ चौकातून बडनेऱ्याच्या दिशेनं निघालात की जरा वर बघत चला. गच्च्यांवर टिनाची शेडं दिसतील. कुठे अभ्यासिका, कुठे जिम, कुठे नुसती उन्हाला सावली. शेड घालायला निघालेला माणूस पहिलं विचारतो ते, "साहेब, लोखंड किती लागेल, अन् भाव काय चाललाय?" जोड कसे करणार, हे विचारणारा क्वचितच भेटतो. आज त्या जोडांबद्दलच बोलू.

आपल्या भागात शेड वजनानं खाली बसल्याचं फारसं ऐकू येत नाही, ते उडतं. एप्रिल-मेमधलं वादळ टिनांवरून वाहताना त्यांना वर खेचतं, आणि शेडची एक बाजू उघडी असेल तर आत शिरून खालूनही रेटतं. सगळ्यात जास्त ओढ बसते ती कडांना आणि कोपऱ्यांना. ही ओढ टिनाच्या स्क्रूकडून टिनाखालच्या आडव्या पट्टीकडे म्हणजे पर्लिनकडे, तिथून तिला पेलणाऱ्या ट्रसकडे, खांबाकडे आणि शेवटी खांबाखालच्या बेस प्लेटच्या बोल्टांपर्यंत जाते. वाटेत जो जोड कच्चा, तिथून शेड सुटतं. खांब कितीही जाड घेतला तरी त्याचा इथे उपयोग नाही.

भारतीय मानकात नागपूर आणि मुंबई या दोन्ही शहरांसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरला आहे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपरचं होर्डिंग पडून १७ जणांचा जीव गेला. व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग संस्थेच्या तपासणीत त्याचा पाया ताशी ४९ किलोमीटरच्या वाऱ्यापुरताच असल्याचं समोर आलं. वर लोखंडाला तोटा नव्हता, कमी पडलं ते जमिनीपाशी.

गच्चीवर तर खांबाच्या पायाशी काम हमखास बिघडतं. बेस प्लेट ठेवतात, ड्रिल मारतात आणि चार एक्स्पान्शन बोल्ट ठोकून मोकळे होतात. पण गच्चीवर स्लॅबच्या आधी विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो, चांगला तीन-चार इंचांचा. बोल्ट त्या कोब्यातच अडकतो, स्लॅबपर्यंत पोचतच नाही. हातानं हलवून पाहिलं तर पक्का वाटतो आणि वादळात तुकड्यांसकट उपटून येतो. म्हणून त्या जागेचा कोबा फोडा, शेडचा खांब इमारतीच्या खांबावर किंवा बीमवर येऊ द्या, आणि बोल्ट काँक्रीटमध्ये किती खोल जायला हवा हे इंजिनिअरकडून लिहून घ्या. नंतर त्या जागेचं वॉटरप्रूफिंग करायला विसरू नका, नाहीतर पावसाळ्यात खालचे भाडेकरू जिना चढून येतील.

आता बोल्ट. त्याच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो. ४.६ म्हणजे साधा, ८.८ म्हणजे ताकदीचा. ८.८ चा बोल्ट ताणात साध्याच्या जवळजवळ दुप्पट ओढ घेतो. डोकं कोरं असेल तर त्याची ताकद कोणालाच ठाऊक नाही, तो परत करा. भोक ड्रिलनं पाडलेलं हवं. १६ मिलिमीटरच्या बोल्टला १८ चं भोक बरोबर. गॅसनं जाळून पाडलेलं वेडंवाकडं भोक दिसलं, तर बोल्ट कितीही भारी असला तरी तो जोड मानू नका.

वेल्डिंगची पाहणी रंगाच्या आधी करायची, हे पक्कं ध्यानात ठेवा. एकदा रेड ऑक्साइड चढला की सगळे वेल्ड सारखेच दिसतात. वेल्डवरची मळी ठोकून काढायला सांगा. खाली सलग, एकसारख्या लाटांची रेघ दिसली पाहिजे. बारीक छिद्रं नकोत, दोन टाक्यांमध्ये मोकळी जागा नको. सहा मिलिमीटरच्या वेल्डची खरी कामाची जाडी जेमतेम सव्वाचार मिलिमीटर असते. त्यावर देखणेपणासाठी ग्राइंडर फिरवून तो सपाट केला, तर ताकदीचा भागच आपण घासून टाकतो. काही जण वरून लांबीही भरतात. गॅल्व्हनाइज्ड पाइप असेल तर वेल्डच्या जागेचा जस्ताचा थर आधी घासून काढावा लागतो. त्याचा धूर वेल्डरच्या छातीला वाईट, म्हणून हे काम बंद खोलीत करू देऊ नका.

एक प्रश्न मला वारंवार येतो : ई-२५० ऐवजी ई-३५० या जास्त ताकदीच्या ग्रेडचं लोखंड घेतलं, तर हलकं सेक्शन चालेल का? तुटण्याच्या बाबतीत काही अंशी चालेल. पण वाकण्याच्या बाबतीत दोन्ही सारखीच, कारण लोखंडाचा ताठपणा ग्रेडनं बदलत नाही. लांब पर्लिन बहुतेक वेळा वाकण्यावरच अडते. तिथे महागडं लोखंड हलक्या सेक्शनमध्ये बसवलं, तर पावसाचं पाणी साचणारं छप्पर तेवढं पदरात पडेल.

माल खरा आहे का, हे काट्यावर कळतं. ३०० बाय ३०० ची, १२ मिलिमीटर जाडीची बेस प्लेट साडेआठ किलोच्या आसपास भरते. सात भरली तर ती १० मिलिमीटरची आहे. पाइपाची भिंत कापलेल्या टोकाशी व्हर्नियर लावून मोजा. दुकानदार रागावला तर रागावू द्या.

आमच्याकडचं ऊनही हिशेबात धरावं लागतं. शंभर फुटी शेड डिसेंबरच्या रात्री १० अंशांवर असतं, मेच्या दुपारी टिनाखालचं लोखंड ६० अंशांपर्यंत तापलं, तर लांबी सुमारे १८ मिलिमीटरनं वाढते. दोन्ही टोकं वेल्डनं जखडली असतील तर ताण जोडांवर येतो. म्हणून एका टोकाला लांबट भोकं ठेवायची, तिथले बोल्ट करकचून आवळायचे नाहीत, आणि ते ढिले पडू नयेत म्हणून वर दुसरा नट लावायचा.

गंजाचं म्हणाल तर मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी पुतळा आठवा. ४ डिसेंबर २०२३ ला अनावरण झालं, २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नट-बोल्ट गंजल्याचं सार्वजनिक बांधकाम विभागानं आधीच पत्रानं कळवलं होतं. तिथे खारा वारा होता. वऱ्हाडात तो नाही, त्यामुळे साध्या शेडला स्टेनलेसचा खर्च मला पटत नाही. पण गोठ्यात, खताच्या गोदामात खांबाचे पाय झपाट्यानं गंजतात. तिथे बेस प्लेट जमिनीपासून वीतभर उंच काँक्रीटच्या ओट्यावर घ्या, मातीत पुरू नका.

आणि जुनं शेड असेल तर गुढीपाडव्याच्या सुमारास, वादळं सुरू व्हायच्या आधी, कोणाला तरी पाना घेऊन वर चढवा. कोपऱ्यांतले स्क्रू आधी पाहायला सांगा. वायसरचं रबर उन्हानं चिरलं असेल, तर ते तेव्हाच बदलून घ्या.