तीर्थ आधी विहिरीत



आपला जालना जिल्हा म्हणजे समर्थांची जन्मभूमी. जांबला गेलात की ओंजळीत तीर्थ घेता, थेंब सांडू देत नाही. मग गावच्या विहिरीचं पाणी तीर्थ नाही का? तिच्या कठड्यावर धुणं कोण धुतं? शेजारचा उकिरडा कोणाचा?

पाणी निवळ दिसतं म्हणून शुद्ध नसतं बरं का. देव डोळ्यांना दिसत नाही, तसा जंतूही दिसत नाही. पण लेकराला जुलाब लागले की प्रचिती येते! उपाय साधा आहे. हजार लिटरला ५ ग्रॅम टीसीएल बादलीत कालवायचं, गाळ बसू द्यायचा, वरची निवळी टाकायची आणि निदान अर्धा तास थांबायचं. नळाच्या शेवटच्या घरी ओटी चाचणीत पाणी पिवळं झालं, की औषध पोचलं. काही जण म्हणतात, "वास येतो, टाकू नका." जलसुरक्षकाचा हात असा धरू नका हो! आपल्या जिभेच्या चवीपायी दुसऱ्याचं लेकरू सलाईनवर का?

आणि नायट्रेट टीसीएलनं जात नाही, उकळूनही जात नाही. ते उकिरड्यातून, खतातून मुरतं. लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर गेलं की बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्याला धोका. म्हणून तपासणीचा कागद ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.

गाडगेबाबा आधी खराटा मारायचे, मग कीर्तन करायचे. तुम्हीही आधी विहिरीचा काठ झाडा, मग टाळ उचला.

पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!