अंगठ्याआधीची समजूत

मी कवितेचा माणूस. कविता पुरती न कळताही दाद देता येते, हे मैफिलींत पाहिलं आहे. संमतीचं तसं नाही. नव्या औषधाच्या चाचणीसाठी कुणाच्या प्रकृतीची माहिती घ्यायची, तर २०१९च्या नियमांनुसार त्याला कळेल अशा भाषेत समजावून लेखी संमती घ्यावी लागते. तो निरक्षर असेल, तर त्या सगळ्या बोलण्याला निःपक्षपाती साक्षीदार हवा.

खम्मम जिल्ह्यात २००९-१०मध्ये एचपीव्ही लशीच्या अभ्यासात कित्येक मुलींच्या संमतिपत्रांवर वसतिगृहांच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. संसदीय समितीने २०१३मध्ये त्यावर ताशेरे ओढले.

नकार दिला किंवा मध्येच माघार घेतली, तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. अंगठा उठवण्याआधी सगळं विचारून घ्या. कागदाची प्रतही मागा. ती तुमच्या हक्काची आहे.