गळ, गंध आणि पाणी



वसंत व्याख्यानमालेत धर्म, इतिहास, अर्थकारण, साहित्य हे विषय नेहमीचे. त्यांच्या पंगतीला आज माशाचे आमिष येऊन बसलेले पाहून काहींनी नाक मुरडले असेल. मुरडले असल्यास हरकत नाही, कारण आजचा विषय नाकाचाच आहे. गळाला लावलेल्या आमिषाचा वास माशाला येतो काय, येत असल्यास कोणता येतो, आणि त्या वासामुळे गळ टाकणाऱ्याच्या पदरात खरोखर काही पडते काय, असे तीन प्रश्न मी आपल्यापुढे ठेवणार आहे. ज्यांच्या घरी मासा शिजत नाही त्यांनीही थोडा धीर धरावा. हा प्रश्न शेवटी त्यांच्याही दारात येऊन उभा राहतो.

प्रथम हे सांगितले पाहिजे की विषय परका नाही, आणि नवा तर मुळीच नाही. बाराव्या शतकात आपला बराचसा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या सत्तेखाली होता. त्यांची राजधानी कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. त्या घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ किंवा ‘अभिलषितार्थचिंतामणी’ नावाचा शंभर अध्यायांचा संस्कृत ग्रंथ रचला. राज्य कसे मिळवावे, कसे टिकवावे, येथपासून पाकक्रिया आणि खेळ येथपर्यंत त्यात सर्व काही आहे. त्यातल्या करमणुकीच्या भागात ‘मत्स्यविनोद’ म्हणून एक अध्याय आहे. मासे कोणते, ते समुद्राचे की नदीचे, खवल्यांचे की बिनखवल्यांचे, आणि त्यांपैकी कोणाला काय खाऊ घालावे, हे राजा तेथे सांगतो. कोणाला पेंडीचे आणि पिठाचे गोळे, तर कोणाला मांस. सुंदरलाल होरा या मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली या अध्यायाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा आपल्या लोकांचे याकडे नीट लक्ष गेले. त्या अध्यायातले मर्म मला एका गोष्टीत दिसते. सोमेश्वराने ‘उत्तम आमिष कोणते’ असा प्रश्न विचारलाच नाही. ‘कोणत्या माशाला कोणते’ असे त्याने विचारले. आज बाजारात कोणत्याही माशाला चालेल अशी एकच जादूची बाटली शोधणाऱ्याने हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

त्या बाटल्यांचा इतिहासही जुना आहे. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनचे मासेमारीवरील प्रसिद्ध पुस्तक १६५३ साली निघाले. आमिषाला चोपडण्याच्या सुगंधी तेलांची चर्चा त्यातही आहे. आपल्याकडे मुंबईच्या पवई तलावापासून बंगालच्या पुष्करिणींपर्यंत हौशी गळवाल्यांच्या पिशव्या धुंडाळाव्यात, म्हणजे एखाद्या गांध्याच्या दुकानाची आठवण होते. फुटाण्याचे पीठ, पेंड, मेथी, हिंग, मध, तूप, बडीशेप. प्रत्येकाचा मसाला गुप्त, आणि प्रत्येकाचा मसाला अचूक! मोरपिसाची काडी पाण्यावर तरंगत ठेवून मंडळी तासन्‌तास बसतात. मासा लागला तर मसाल्याचा गुण, न लागला तर वाऱ्याचा दोष.

आता शास्त्राकडे वळू. माशाला नाक असते. मुस्कटावर डोळ्यांच्या पुढे दोन खळगे असतात. बहुतेक माशांत प्रत्येक खळग्याला पुढे एक आणि मागे एक अशी दोन भोके असतात. पुढच्या भोकातून पाणी आत येते, मागच्यातून बाहेर जाते. आत फुलाच्या पाकळ्यांसारख्या घड्या असतात आणि त्या घड्यांवर गंध ओळखणाऱ्या पेशी असतात. मासा नाकाने श्वास घेत नाही, श्वासाला कल्ले आहेत. म्हणजे आपल्या नाकाला दोन कामे, माशाच्या नाकाला एकच.

पण या दोन नाकांत एक मोठा भेद आहे आणि सगळी गफलत तेथेच होते. आपल्याला वास येतो तो हवेत उडून जाणाऱ्या पदार्थाचा. माशाला वास येतो तो पाण्यात विरघळणाऱ्या पदार्थाचा. अत्तराचा थेंब आपल्याला खोलीभर दरवळतो, पण तेल पाण्यात फारसे विरघळत नाही, ते वर तरंगते. उलट मांसातून, किड्यामुंगीतून, गांडुळातून पाण्यात झिरपणारी अमिनो आम्ले आपल्या नाकाला जवळजवळ कळतच नाहीत. माशाला मात्र ती फार सूक्ष्म प्रमाणातही कळतात, कारण त्याच्या लेखी तीच अन्नाची वर्दी होय. तेव्हा आमिष मळताना ज्याचा सुगंध आपल्याला सुटतो, तो बहुधा आपल्याच समाधानासाठी असतो. रात्रभर आंबवलेली कणीक किंवा भिजवून आंबट झालेली पेंड गुणकारी ठरते, त्याचे कारणही यात सापडते. आंबताना त्यातली प्रथिने फुटतात आणि विरघळणारी द्रव्ये मोकळी होतात. आपण नाकाला पदर लावतो, मासा तोंड वळवतो, पण आपल्या दिशेने!

हिंग किंवा बडीशेप अगदीच निरुपयोगी असे मात्र मी म्हणत नाही. विशिष्ट वासाची अन्नाशी सांगड घालायला मासे शिकतात, हे प्रयोगांनी दिसलेले आहे. आपल्याकडे तळ्यातल्या माशांना शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा घालण्याची रीत आहे. बोटाएवढे असल्यापासून ज्याने पेंड खाल्ली, त्या रोहूला पेंडीचा वास म्हणजे घरचे जेवण. रोज त्याच जागी त्याच वासाचे खाणे पडत राहिले, तर मासे त्या जागेला सरावतात. अशा वेळी गुण मसाल्यात कमी आणि सवयीत अधिक असतो.

वास दूरवर नेतो कोण? पाण्याचा प्रवाह. साचलेल्या पाण्यात विरघळलेले द्रव्य आपल्या आपण पसरायला फार वेळ लागतो, हवेच्या तुलनेने हजारो पटींनी अधिक. म्हणून वाहत्या पाण्यात आमिष टाकले की खालच्या अंगाला असलेल्या माशाला वर्दी पोचते, वरच्या अंगाचा मासा कोरडाच राहतो. नदीकाठच्या माणसाला हे न शिकवता कळते.

आणि वास आला म्हणजे मासा गळाला लागला असे नाही. वास हा दारापर्यंत आणणारा निरोप्या आहे, पाट मांडणारा यजमान नव्हे. जवळ आल्यावर चव पारखली जाते. मिशा असलेल्या माशांचे या बाबतीत विशेष कौतुक आहे. आपल्याकडच्या शिंगटीसारख्या मिशीवाल्या माशांच्या अमेरिकेतील जातभाईंवर संशोधकांनी मोजणी केली, तेव्हा एकेका माशाच्या अंगावर लाखाच्या वर चवीच्या कळ्या आढळल्या. तोंडात नव्हेत, मिशांवर आणि सगळ्या कातडीवर! म्हणजे हा मासा अंगभर जीभ घेऊनच पोहतो. गढूळ पाण्यात, अंधाऱ्या रात्री, तळाशी तो आमिष शोधतो ते याच जोरावर. मरळ याच्या उलट. ती बरीचशी डोळ्यांवर शिकार करते, म्हणून तिला हलता बेडूक किंवा जिवंत लहान मासा दाखवावा लागतो. तिच्यापुढे सुगंधी कणकेचा गोळा ठेवणे म्हणजे बहिऱ्यापुढे गाणे. कटला वरच्या थरातला, मृगळ तळाशी चरणारा. खोली चुकली तर कस्तुरीही कामाची नाही. येथे सोमेश्वराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो : कोणत्या माशाला कोणते?

वासाने मासा येतो, तसाच वासाने पळतोही. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवले की भाजलेल्या मासळीच्या वासाने मासे सापळ्यात येतात, आणि मासे धुतलेले पाणी नावेतून ओतले तर पळून जातात. दोन हजारांहून अधिक वर्षांनी, १९३८ साली, कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने याचे कारण दाखवले. पुढे १९७३ साली ज्यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेच हे फ्रिश. लहान माशाची कातडी फाटली की तीतून एक द्रव्य पाण्यात उतरते आणि त्याच्या जातीचे बाकीचे मासे भेदरून दूर होतात. जखमी मासा ओरडत नाही, पण त्याची हाक पाण्यात पसरते. रोहू, कटला ज्या मोठ्या कुळातले, त्या कुळात ही हाक आढळते. कॅनडात १९५६ साली असेच आणखी एक प्रकरण प्रसिद्ध झाले. प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या सामन माशांच्या वाटेत माणसाच्या किंवा अस्वलाच्या कातडीचे धुवण सोडले, तर ते काही वेळ थबकत. कातडीतले सेरीन नावाचे अमिनो आम्ल त्याला कारण निघाले. सगळे मासे असेच वागतात असा नियम यावरून करता येत नाही. पण तंबाखू चोळलेल्या किंवा रॉकेल लागलेल्या हाताने आमिष मळू नये, एवढी सावधगिरी बिनखर्चाची आहे.

मग वासाने यश वाढते काय, या प्रश्नाचे उत्तर कसे मिळवावे? आठवणीवर विसंबून नव्हे. मासे मिळालेला दिवस माणूस वर्षभर सांगतो, रिकामी पिशवी संध्याकाळी विसरतो. दोन सारखे गळ घ्यावेत, सारखीच कणीक घ्यावी, एकीत मसाला घालावा, दुसरीत घालू नये. तासातासाने जागा अदलाबदल करावी आणि दोन्ही गळांचे झटके वहीत मांडावेत. असे पंधरा-वीस दिवस करावे. एवढे केले की कोणाचाही मसाला कसोटीला लागतो. ही शास्त्राची रीत आहे आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही, फक्त वही आणि प्रामाणिकपणा लागतो.

आता शेवटचा मुद्दा. माशाच्या नाकातल्या पेशींना आपल्यासारखे आडोसे नाहीत. त्यांची टोके थेट पाण्याला लागलेली असतात. पाण्यात जे येईल ते त्यांना सोसावे लागते. अमेरिकेत कोहो सामन माशांवर केलेले काम २००३ साली प्रसिद्ध झाले. एक लिटर पाण्यात तांब्याचे अवघे काही मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखांश भागाचे काही कण, एवढ्याने अर्ध्या तासाच्या आत त्यांची गंधशक्ती मंदावली. मासा मरत नाही. तो पोहतो, दिसायला धडधाकट असतो. मात्र त्याला अन्नाची वर्दी कळत नाही आणि जखमी सोबत्याची हाकही कळत नाही. असा मासा जाळ्यात न सापडताच हरलेला असतो.

म्हणून हा विषय चिकलठाण्यात मांडावा असे मला वाटले. येथे विमानतळ आहे, कारखाने आहेत, हजारो घरांची चूल त्यांवर पेटते, आणि त्याबद्दल कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. पण याच गावाजवळून सुखना वाहते. शहराच्या दुसऱ्या अंगाला खाम आहे. शहराचे सांडपाणी या दोन्ही नद्यांत उतरते, आणि खाम पुढे गोदावरीला मिळते. तिकडे पैठणला नाथसागर आहे. त्याची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्री यांनी केली आणि १९७६ साली इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. त्या पाण्यावर भोई मंडळींचा संसार चालतो. त्याच पाण्यावर छत्रपती संभाजीनगरातील आपल्या सर्वांची तहान भागते. ज्यांच्या घरी मासा शिजत नाही, त्यांच्याही घरी ते पाणी भरले जाते. प्रश्न त्यांच्या दारात येतो असे मी म्हणालो, तो असा.

मासळी कमी झाली की आपण गळ, जाळे, नशीब, पाऊस यांना बोल लावतो. कोणी नवा मसाला शोधतो. परंतु ज्या पाण्याने माशाचे नाक बंद केले, त्या पाण्यात कोणत्याही आमिषाची मात्रा चालणार नाही. सुदैवाने निसर्गाने एक दार उघडे ठेवले आहे. माशाच्या नाकातल्या या पेशी झडल्या तरी पुन्हा उगवू शकतात. पाणी निवळले तर हरवलेले ज्ञान परत येऊ शकते. ते निवळण्याचे काम मात्र माशाला करता येत नाही, ते काठावर राहणाऱ्यांनीच करावे लागते.

गळाचे आमिष हा फसवणुकीचा धंदा आहे, यात शंका नाही. पण त्यातही एक जुना न्याय होता. मासा शहाणा असला तर वास ओळखून, चव पारखून, आमिष थुंकून निघून जात असे. त्याचे शहाणपण त्याच्या नाकात होते. माणसाने त्याला गळाने पकडावे, हा खेळ झाला. त्याचे नाकच काढून घ्यावे, हा खेळ नव्हे. सुखनेच्या काठी उभे राहून आपण आधी आपले नाक वापरावे. तेथे जो वास येतो तो ओळखायला मत्स्यशास्त्र लागत नाही. तो कुठून येतो हे विचारायला, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहायला, थोडी चिकाटी मात्र लागते. ती चिकाटी गळ टाकून बसणाऱ्या माणसाकडून शिकण्यासारखी आहे.