सीमोल्लंघन आणि परतीची वाट
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मुलांना गोष्ट लिहावयास कशी शिकवावी, या विषयावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाच्या चिटणीसांनी मला केली आहे. मी केवळ मॅट्रिक झालेला, फळ्यासमोर आयुष्य घालवलेला शिक्षक. साहित्यशास्त्राचा माझा अधिकार नाही. परंतु सेवानिवृत्तीनंतर दिवाळीच्या व उन्हाळ्याच्या सुट्टीत मंडळाच्या खोलीत तेरा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींचा गोष्टींचा वर्ग मी घेत असतो. त्या वर्गातून जे हाती लागले तेवढेच आपणापुढे ठेवतो. त्यात काही उणे आढळल्यास आपण सांभाळून घ्यालच.

दसऱ्याच्या सायंकाळी आपण काय करतो, ते क्षणभर आठवा. घरातून बाहेर पडतो. गावची वेस ओलांडतो. शमीची पूजा करतो, आपट्याची पाने घेतो आणि अंधार पडता पडता घरी परततो. दारात घरची माउली ओवाळते; मग ते सोने आधी देवापुढे, नंतर वडीलधाऱ्यांच्या हातावर ठेवून आपण त्यांच्या पाया पडतो. आणलेले सोने कोणी स्वतःच्या पेटीत कुलूप घालून ठेवीत नाही. जगातील बहुतेक वीरकथा या एका सायंकाळीत सामावल्या आहेत, असे मी मुलांना प्रथम सांगतो. घर सोडणे, वेशीपलीकडे काही मिळविणे, आणि ते घेऊन परत येऊन वाटणे.

हा विचार माझ्या पदरचा नाही. जोसेफ कॅम्बेल नावाच्या अमेरिकन पंडिताने १९४९ साली 'द हीरो विथ अ थाउजंड फेसेस' हा ग्रंथ लिहिला. देशोदेशींच्या पुराणकथा व लोककथा शेजारी शेजारी ठेवून त्याने दाखविले की, त्यांतील वीराच्या प्रवासाचा सांगाडा पुष्कळसा सारखा असतो. प्रस्थान, कसोटी आणि प्रत्यागमन असे तीन भाग व त्यांत सतरा पायऱ्या त्याने मांडल्या. पुढे ख्रिस्तोफर व्होग्लर या चित्रपटकथांच्या जाणकाराने त्या बारावर आणल्या. १९७७ सालचा 'स्टार वॉर्स' हा चित्रपट ज्याने काढला, त्या जॉर्ज ल्यूकसने कॅम्बेलचे ऋण मोकळेपणी मान्य केले आहे. हा ग्रंथ मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचला. अर्थात तो कूर्मगतीने झाला. पण म्हातारपणी घाई कशाची? त्यात आपल्या मुचकुंद राजाची गोष्ट भेटली तेव्हा परमुलखात गाववाला भेटल्याचा आनंद झाला.

मुलांपुढे मात्र मी सतरा पायऱ्या मांडीत नाही, बाराही नाही. पायऱ्यांची यादी हाती दिली की मुले ती रकान्यांसारखी भरू लागतात. अमुक पानावर गुरू भेटला, तमुक पानावर राक्षस मेला, झाली गोष्ट. 'निघणे, कसोटी, परतणे' हे तीन शब्द फळ्यावर लिहून मी खडू खाली ठेवतो आणि कचाची कथा सांगतो.

ती आपणांस ठाऊक आहे. तरी ती वर्गात कशी उमलते ते पाहण्यासारखे असते. देव-दानवांच्या युद्धात दानवांचे मेलेले वीर शुक्राचार्य संजीवनी विद्येने उठवीत. देवांकडे ती विद्या नव्हती. म्हणून बृहस्पतीचा पुत्र कच शत्रूच्या नगरात शिष्य होऊन गेला. दानवांनी त्याला मारून लांडग्यांपुढे टाकले. देवयानीच्या विनवणीने गुरूने तो उठविला. त्यांनी त्याचे चूर्ण करून समुद्रात मिसळले, पुन्हा उठविला. तिसऱ्या वेळी त्याची राख मद्यात कालवून खुद्द गुरूलाच पाजली. आता कच गुरूच्या पोटात! त्याला बाहेर काढावे तर गुरू मरणार. तेव्हा शुक्राचार्यांनी पोटातल्या शिष्यालाच विद्या शिकविली. तो बाहेर आला आणि त्याने प्रथम गुरूला जिवंत केले. येथपर्यंत वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते.

पुढे देवयानी विवाहाची इच्छा बोलून दाखविते. गुरुकन्या ती भगिनी, म्हणून कच नाकारतो आणि ती शाप देते की, तुझी विद्या तुला फळणार नाही. येथे मी थांबतो आणि विचारतो, "मग कचाच्या हाती काय राहिले?"

एका वर्षी पहिल्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "काहीच नाही, गुरुजी. सगळी मेहनत फुकट." थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागून एक मुलगी म्हणाली, "पण त्याला दुसऱ्याला शिकवता येईल ना?" महाभारतातील कच हेच उत्तर देतो. मला नाही फळली तरी ज्याला मी शिकवीन त्याला फळेल, असे म्हणून तो देवांकडे परततो. कच म्हणजे मास्तरच झाला, असे दुसऱ्या कोणी म्हटले आणि वर्ग हसला. माझ्यासारख्याला ते ऐकून बरे वाटले, हे लपवून कशाला ठेवू?

मधल्या गोष्टी मुलांना लवकर समजतात. निघण्याच्या वेळी वीर कचरतो, हे सांगावयास कुरुक्षेत्रावर धनुष्य खाली ठेवणारा अर्जुन पुरेसा आहे. वीराच्या हाती शस्त्रच हवे असे नाही, हे यमाच्या दारात तीन रात्री उपाशी बसलेला नचिकेता सांगतो. लढाया तर मुले आपण होऊन लिहितात, इतक्या लिहितात की आवरता पुरेवाट होते.

अडते ते परतण्यापाशी. आज मला मुख्यतः याविषयीच बोलावयाचे आहे. दहापैकी आठ मुलांची गोष्ट विजयापाशी संपते. शत्रू पडला, बक्षीस मिळाले, समाप्त. चित्रपटांनी ही सवय लावली म्हणावे तर पुरते खरे नाही. परीक्षेत मुद्द्यांवरून कथा लिहावी लागते, ती मुले गाईडातून पाठ करतात आणि शेवटी तात्पर्याची एक ओळ जोडली की घर परतल्याचा भास होतो. माझ्या वर्गात तात्पर्य लिहावयास बंदी आहे. त्याऐवजी मी विचारतो, "घरी आल्यावर पहिल्या रात्री तो कोठे झोपला?"

या प्रश्नाचे एक उदाहरण सांगतो. एका मुलाने लिहिले की, नायक भिंगारहून पुण्यास जातो, हाल सोसतो, हिंजवडीत मोठी कंपनी काढतो आणि चार मजली बंगला बांधतो. मी विचारले, "त्याची आई कोठे आहे?" तो म्हणाला, "गावी." वही घेऊन गेला तो तीन दिवस वर्गाला आला नाही. चौथ्या दिवशी दीड पान लिहून आणले. नायक आईच्या आजारपणात घरी येतो. दारात बूट काढतो. आत खाट पूर्वीच्या जागी नसते, त्यामुळे कोठे बसावे ते त्याला कळत नाही. आई म्हणते, "पाहुण्यासारखा उभा का?" गोष्ट तेथेच थांबली होती. त्या मुलाचा थोरला भाऊ पुण्यास नोकरीला असतो, हे मला मागाहून समजले. वडील भेटावयास आले आणि म्हणाले, "गुरुजी, हे थोरल्याला पाठवू का वाचायला?" मी म्हणालो, "लिहिणाऱ्याला विचारा. वही त्याची आहे."

परतणे म्हणजे जन्मगावीच येऊन राहणे, असा याचा अर्थ कोणी करू नये. तसे म्हटले तर आपल्यापैकी निम्मी घरे दोषी ठरतील. याचा विचार करावयास भिंगारकरांना दूर जावे लागत नाही. सायकलीने जाण्याजोग्या अंतरावर भातवडी आहे. तेथे १६२४ साली मलिक अंबरने मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांचा मोड केला. तळ्याचा बांध फोडून त्याने शत्रूच्या वाटेत चिखल केला. शहाजीराजे त्या रणात होते आणि त्यांचे बंधू शरीफजी तेथेच पडले. हा मलिक अंबर १५४८ च्या सुमारास हबशी देशात, म्हणजे आजच्या इथिओपियात जन्मला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि हातोहाती फिरत दक्षिणेत आला. येथे निजामशाहीचा तो कर्ताधर्ता झाला. त्याने जमीन महसुलाची घडी बसविली, १६१० साली खडकी वसविली आणि तेथे नहरीचे पाणी खेळविले. जन्मभूमी त्याला पुन्हा दिसली नाही. मग त्याचा प्रवास अपुरा म्हणावा काय? मुले यावर तावातावाने भांडतात. "ज्या गावात आला त्या गावाला पाणी दिले, म्हणजे तेच त्याचे घर," असे एकाने म्हटले होते. मी त्यात भर घातली नाही.

दुसरे उदाहरण याहूनही जवळचे. आपल्या भिंगारलगत आलमगीर आहे. उत्तरेतून १६८१ साली दक्षिण जिंकावयास निघालेला बादशहा औरंगजेब पुन्हा दिल्ली पाहू शकला नाही. १७०७ साली तो येथेच वारला. सैन्य, खजिना, तोफा सर्व काही होते. परतीची वाट तेवढी उरली नव्हती. लढायांचा इतिहास मुलांना पाठ असतो, परंतु पंचवीस वर्षांनंतर छावणीत म्हाताऱ्या झालेल्या त्या माणसाच्या डोळ्यांसमोर काय येत असेल, हे लिहा म्हटले की लेखण्या थांबतात. त्या थांबाव्यात यासाठीच मी ते सांगतो.

मुलींनी आपला वीर शोधताना पुरुषाचीच गोष्ट घ्यावी असे नाही. यमामागे चालत जाऊन पतीला घेऊन परतणारी सावित्री आहे, किल्ला लढविणारी चांदबीबी आहे. मी मात्र आनंदीबाई जोशी यांचे चरित्र पुढे ठेवतो. १८८३ साली त्या समुद्र ओलांडून अमेरिकेस गेल्या, १८८६ साली वैद्यकीची पदवी मिळविली, त्याच वर्षाअखेर परतल्या. कोल्हापूर संस्थानाच्या रुग्णालयात त्यांची नेमणूकही झाली होती. पण फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, त्या पुण्यात वारल्या. आणलेले सोने वाटावयास वेळच मिळाला नाही. ही गोष्ट तीन शब्दांच्या सांगाड्यात बसते की नाही? बसत नसेल तर दोष सांगाड्याचा, आनंदीबाईंचा नव्हे. हे मुलांना कळले की पायऱ्यांची भीती आणि भक्ती दोन्ही जातात.

काही पालक विचारतात की, या उद्योगाने गुण किती वाढतील? त्याचा हिशेब मजपाशी नाही. परंतु दहावीला नापास झालेला एक मुलगा वर्गात मुकाट बसत असे. कच तीनदा मेला, यापलीकडे त्या सुट्टीत त्याने काही लिहिले नाही. ऑक्टोबरात, का मार्चात, पण तो पुन्हा परीक्षेस बसला. गोष्टीमुळे बसला असे मी म्हणणार नाही. त्याची आईही काही कमी खंबीर नव्हती.

आता एका वहीविषयी सांगून आटोपते घेतो. आपल्याच समाजातील एका चौदा वर्षांच्या मुलीला मी सांगितले होते की, घरातल्या वडील माणसाची गोष्ट लिही. तिची पंचाहत्तरी ओलांडलेली आजी म्हणाली, "माझ्यात कसली आलीय गोष्ट?" मुलीने चिकाटी सोडली नाही. आजी १९७२ च्या दुष्काळात दोन लेकरे घेऊन पाथर्डीकडील गाव सोडून दुष्काळी कामावर खडी फोडावयास गेली होती. निघताना तिने दाराला कुलूप घातले. नातीने विचारले, "घरात होते काय?" आजी म्हणाली, "काही नव्हते. पण कुलूप घातले म्हणजे परत यायचे असते." कामावर लाल मिलो मिळे, लेकरांना सुकडी मिळे, हातोडीने बोटे फुटत. पुढल्या पावसाळ्यात आजी गावी परतली ती पदरात जोंधळ्याचे बी बांधून, आणि त्यातले दोन शेर तिने शेजारणीला दिले, कारण शेजारीण कामावर जाऊ शकली नव्हती.

ती वही मी आजींना वाचून दाखविण्यास सांगितले. आजी अक्षर ओळखीत नाहीत. ऐकून झाल्यावर त्यांनी एकच दुरुस्ती केली, "दोन नाही, अडीच शेर."

यंदाचा वर्ग भाऊबीजेनंतरच्या सोमवारपासून मंडळाच्या खोलीत भरेल. शंभर पानी वही व पेन पुरे, फी नाही. पहिल्याच आठवड्यात मुले आपापल्या घरी एकेका वडील माणसापुढे बसून चार प्रश्न विचारणार आहेत, तेव्हा आजी-आजोबांनी एक सायंकाळ मोकळी ठेवावी, आणि "माझ्यात कसली गोष्ट" असे म्हणून मुलांना परत पाठवू नये, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.