जुनी मोटार : दुरुस्ती आणि फेरफार



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतवाङ्मय, अर्थकारण, संगीत अशा विषयांवर विद्वानांनी बोलावे आणि श्रोत्यांनी ऐकावे, हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्या मालिकेत एका जुन्या मोटारीचा विषय घेऊन उभे राहताना आम्हांला संकोच वाटतो. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही प्रांजळपणे सांगितले की, आमची विद्वत्ता कशातही नाही. नाद मात्र एका गोष्टीचा आहे. ते म्हणाले, "मग त्या नादावरच बोला." तेव्हा यापुढे जे घडेल त्याचा निम्मा दोष त्यांचा आहे.

नाद आहे तो १९८८ साली जर्मनीत तयार झालेल्या एका बीएमडब्ल्यू ३२५ आय मोटारीचा. नोकरीनिमित्त आमचे वास्तव्य स्टुटगार्टजवळ आहे आणि ही गाडी आम्ही २००१ साली तिथेच घेतली. जुनी मोटार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संस्थानिकांच्या रोल्सरॉइस आणि त्यांच्या मिरवणुका येतात. आमची गाडी त्या जातीची नव्हे. ती कारकुनालाही परवडावी इतकी स्वस्त झाली होती. जर्मनीत मार्क चालण्याचे ते शेवटचे वर्ष. आम्ही साडेचार हजार मार्क मोजले आणि मोठा सौदा केला अशा समजुतीने घरी आलो. मोटारीची किंमत वयाबरोबर उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही, हे गणित कोणी आमच्या कानांत सांगितले नव्हते. सांगितले असते तरी आम्ही ऐकले असते असे नाही.

या नादात दोन पंथ आहेत. पहिला पंथ म्हणतो, कारखान्यातून गाडी जशी निघाली तशी ती ठेवावी. एक वायसरही परका नको. दुसरा म्हणतो, गाडी ही चालवणाऱ्याची; तिचे इंजिन मोठे करा, स्प्रिंगा आखूड करा, चाके रुंद करा. दोन्ही पंथांचे लोक एकत्र जमले म्हणजे शैव आणि वैष्णव बरे, असे वाटू लागते. आम्ही आरंभी दुसऱ्या पंथात होतो, आणि त्या पंथाच्या बाजूने इतिहास आहे हेही खरे आहे. तो थोडक्यात सांगितला पाहिजे.

बीएमडब्ल्यू हा कारखाना मूळचा विमानांच्या इंजिनांचा. १९२३ मध्ये त्याने मोटारसायकल काढली आणि १९२८ मध्ये आयसेनाख येथील एक कारखाना विकत घेऊन मोटारींच्या धंद्यात प्रवेश केला. त्या कारखान्यात तेव्हा इंग्लंडच्या ऑस्टिन सेव्हनची परवान्यावर केलेली आवृत्ती बनत असे. दुसऱ्या महायुद्धानंतर धंदा असा खालावला की ९ डिसेंबर १९५९ रोजीच्या भागधारकांच्या सभेत हा कारखाना डाइम्लर-बेन्झच्या हाती जाण्याची वेळ आली होती. लहान भागधारकांनी आणि विक्रेत्यांनी ते हाणून पाडले, हर्बर्ट क्वांट यांनी पैसा घातला, आणि १९६१ साली नव्या मालिकेची १५०० ही मोटार लोकांपुढे आली. तिचे इंजिन ॲलेक्स फॉन फाल्केनहाउझेन यांच्या हाताखाली तयार झाले होते.

१९६६ मध्ये याच घराण्यातील एक लहान, दोन दारांची, सोळाशे घन सेंटिमीटरची गाडी निघाली. फाल्केनहाउझेन यांनी स्वतःच्या वापरासाठी त्या लहान गाडीत दोन लिटरचे मोठे इंजिन बसवून घेतले. हेल्मुट वेर्नर ब्योन्श या दुसऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनीही नेमके तेच केले. एकाचा दुसऱ्याला पत्ता नाही. दोन्ही गाड्या एकाच वेळी कारखान्याच्या कार्यशाळेत आल्या तेव्हा हे दोघांना कळले, असे सांगतात. त्याच सुमारास अमेरिकेतील आयातदार मॅक्स हॉफमन हे अधिक जोरदार गाडी मागत होते, कारण दोन कार्ब्युरेटरांची सोळाशे तिथल्या धुराच्या नियमांत बसत नव्हती. १९६८ साली '२००२' ही गाडी निघाली, ती अशी. म्हणजे कारखान्याला नाव मिळवून देणारी ही मोटार मुळात दोन नादिष्टांनी केलेला फेरफार होता.

दुसरी कथा आमच्याच गाडीच्या घराण्याची. माक्स राइसब्योक नावाचे गृहस्थ कारखान्यात नोकरीला होते. मुलाबाळांसह सुट्टीला निघावे तर सामान मावत नाही, आणि कारखाना मागे मोठे दार असलेली गाडी तर बनवत नाही. त्यांनी १९८४ साली अपघातात मागून चेपलेली एक गाडी विकत घेतली, मित्राच्या गॅरेजमध्ये ती कापली, छप्पर मागे वाढवले आणि घरच्यासाठी हवी तशी मोटार तयार केली. वरिष्ठांनी ती पाहिली आणि पुढे त्यातूनच 'टूरिंग' ही आवृत्ती कारखान्याने विक्रीला काढली.

या कथा आम्ही मित्रमंडळींत मोठ्या तोऱ्याने सांगत असू. कारखान्याचे लोकच जर गाड्या कापतात, तर आम्ही चार स्प्रिंगा बदलल्या म्हणून काय बिघडले? काय बिघडले ते आता सांगतो.

२००३ सालच्या सप्टेंबरची गोष्ट. उन्हाळ्यात आम्ही गाडीला आखूड स्प्रिंगा आणि सतरा इंची चाके बसवली होती. गाडी रस्त्याला चिकटून उभी राही आणि शेजारीपाजारी मान वळवून पाहत. याच इंजिनाला टायमिंगचा रबरी पट्टा असतो. तो दर चार वर्षांनी बदलावा, कारण तुटला तर व्हॉल्व पिस्टनवर आदळतात. आणि त्याच आवरणाआड असलेला पाण्याचा पंपही त्याच वेळी बदलून टाकावा, हे आम्ही पुस्तकात वाचले होते. आधीच्या मालकाने ते केले होते की नाही, याचा कागद नव्हता. पैसे एकाच कामापुरते होते. आम्ही स्प्रिंगा आणि चाके घेतली. पंप काय, पुढच्या वर्षी.

सौ. आणि आठ वर्षांची मुलगी यांना घेऊन आम्ही संध्याकाळी स्टुटगार्टहून उल्मकडे निघालो. वाटेत महामार्ग आल्बच्या डोंगरावर चढतो. चढ लागला, अंधार पडला, आणि मुलगी मागून म्हणाली, "बाबा, गोड गोड वास येतोय." तो वास कूलंटचा. काटा लाल रेघेकडे गेला होता. आम्ही तेव्हाच थांबायला हवे होते. पण पुढच्या वळणावर जागा असेल, वर गेल्यावर उतारच आहे, अशी मनाची समजूत घालत आम्ही आणखी दीड-दोन किलोमीटर गाडी रेटली. मग वाफेचा लोट आला आणि इंजिन बसले.

त्या महामार्गावर मालमोटारी किती वेगाने जातात ते उभे राहिल्याशिवाय कळत नाही. कठड्यापलीकडे ओल्या गवतात सौ. मुलीला पोटाशी धरून उभ्या होत्या. सव्वा तास आमच्याशी त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मदतीची पिवळी गाडी आल्यावर एवढेच म्हणाल्या, "चाकं मात्र छान दिसतायत."

सभ्य श्रोतेहो, नवऱ्याला बोलण्याच्या नाना तऱ्हा असतात. ही आमच्या वर्मी लागली, कारण ती खरी होती.

आमच्या गल्लीत एक निवृत्त मोटार-मिस्त्री राहत. जर्मनीत 'माइस्टर' ही पदवी परीक्षा देऊन मिळवावी लागते, आणि ती मिळालेला माणूस मोजकेच बोलतो. त्यांनी बॉनेट उघडले, पंपाच्या खालून वाहिलेला ओघळ पाहिला आणि विचारले, "वर्षभरात गाडीसाठी काय काय घेतलं? लिहून आणा." आम्ही यादी नेली. त्यांनी कागदावर मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे 'रस्त्यावरून दिसते', उजवीकडे 'दिसत नाही'. आमची सगळी यादी डावीकडे गेली. उजवीकडे फक्त इंजिन ऑईल होते.

पुढे तीन महिने त्यांच्या देखरेखीखाली आम्ही त्या उजव्या बाजूचे काम केले. या इंजिनाचा ठोकळा बिडाचा आणि हेड अॅल्युमिनियमचे. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडापेक्षा जास्त फुगते. बोल्टांनी जखडलेले असल्याने त्याला जागा मिळत नाही आणि हेड वाकते किंवा तडकते. आमचे तडकले होते. दुसरे हेड मिळवले, फेस करून घेतले, नवे गॅस्केट घातले. आरंभीच्या काळातल्या षट्कोनी बोल्टांची डोकी चालत्या इंजिनात तुटतात, म्हणून नव्या घडणीचे बोल्ट आणले आणि ते ठरलेल्या क्रमाने, ठरलेल्या अंशांनी आवळले. पंप, पट्टा, थर्मोस्टॅट, सगळ्या नळ्या बदलल्या. शेवटी पाणी भरतानाही एक युक्ती आहे. गाडीचे नाक उंच करायचे, हीटर पूर्ण गरमवर ठेवायचा, आणि थर्मोस्टॅटच्या घरावरचा लहान स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरायचा. आत हवा राहिली तर नवे हेडही जुन्याच्या वाटेने जाते. लहानपणी वडिलांची बजाज स्कूटर सकाळी तिरकी करून मगच किक मारावी लागे, ते आम्हांला त्या वेळी आठवले. यंत्राची मर्जी सांभाळणे आपल्या घरांना काही नवे नाही.

भाग मिळण्याची सोय मात्र तिकडे अशी आहे की हेवा वाटावा. चासी-क्रमांकाची शेवटची सात अक्षरे सांगितली की त्याच गाडीचा बोल्टसुद्धा अकरा आकडी क्रमांकानिशी सापडतो. २००६ साली तर कारखान्याच्या जुन्या गाड्यांच्या विभागाने सुट्या भागांतून एक अख्खी २००२ टी-आय-आय नव्याने उभी केली. बंद झाल्यावर तीस वर्षांनी! इतकी सोय असताना आमच्या पंपाची आबाळ व्हावी, यात दोष कोणाचा हे वेगळे सांगायला नको.

माइस्टरांनी आम्हांला मागची चाकेही दाखवली. टायरांच्या आतल्या कडा झिजून गेल्या होत्या. या गाडीची मागची चाके तिरकस दांड्यांवर झुलतात. गाडी खाली बसवली की चाकांची डोकी आत झुकतात आणि भार आतल्या कडेवर येतो. म्हणजे रस्त्याला चिकटलेली गाडी प्रत्यक्षात रस्त्याला कमी चिकटत होती. वर्तमानपत्रांत गुंडाळून ठेवलेल्या मूळच्या स्प्रिंगा आम्ही २००४ च्या वसंतात परत बसवल्या.

त्या कथांचा अर्थ आम्हांला तेव्हा लागला. दोन लिटरचे इंजिन फाल्केनहाउझेन यांच्याच हाताखालचे होते. तो ठोकळा कुठवर वाढतो आणि त्या गाडीचा सांगाडा किती जोर सोसतो, हे त्यांना कोणी सांगायला नको होते. राइसब्योक यांनी छप्पर कापले, पण कापलेल्या गाडीला बळकटी कुठून द्यायची याची त्यांना जाण होती. आम्ही त्यांचे धाडस उचलले. त्यांची माहिती उचलली नाही.

म्हणून आम्ही पहिल्या पंथात गेलो, असे मात्र समजू नये. या गाडीचे स्टिअरिंग सुस्त आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत सुमारे चार फेरे. पुढच्या पिढीच्या गाडीची रॅक थोडी जुळवाजुळव करून हिला बसते आणि फेरे कमी होतात. आम्हांला ती हवी होती. माइस्टर म्हणाले, आधी पुढचे सगळे रबरी बुश बदला. ते बदलले, आणि जिला आम्ही स्टिअरिंगचा दोष म्हणत होतो ती निम्मी ढिलाई नाहीशी झाली. तरी निम्मी उरलीच. दोन वर्षे तशी चालवून मग आम्ही रॅक बसवली, तपासनीसाकडून कागदांत नोंदवून घेतली. तिकडे नोंद न केलेला असा फेरफार असेल तर गाडीचा परवानाच रद्द ठरू शकतो. हा जाच आहे असे आमचे पूर्वी मत होते. आता तसे ते उरलेले नाही.

जर्मनीत तीस वर्षांची आणि चांगल्या मूळ स्थितीतील मोटार ऐतिहासिक ठरते; १९९७ पासून तिच्या क्रमांकापुढे 'एच' हे अक्षर लागते आणि वर्षाला १९१ युरो ७३ सेंट असा ठोक कर भरावा लागतो. त्या काळी रूढ असलेले फेरफार चालतात. २०१८ साली आमच्या गाडीला ते अक्षर मिळाले. माइस्टर ते पाहायला राहिले नव्हते.

आता मुलगी तीस वर्षांची आहे, आणि गाडी तिला हवी आहे. जशी आहे तशी नव्हे! १९९० मध्ये निघालेले चोवीस व्हॉल्वचे, १९२ अश्वशक्तीचे इंजिन तिला त्यात बसवायचे आहे. आमच्या १७० अश्वशक्तीच्या इंजिनासाठी आम्ही काय सोसले हे तिला ठाऊक आहे, कारण ती त्या रात्री गवतात उभी होती. आम्ही विरोध केला. सौ. तिच्या बाजूने आहेत. गेल्या नाताळात ती एक कागद घेऊन आली. मधोमध उभी रेघ होती. उजवीकडे ब्रेक, रेडिएटर, मागचा डिफरन्शल, इंधनाच्या नळ्या, गिअरबॉक्समागची रबरी जोडणी, अशा सतरा ओळी. त्यांपैकी सहांपुढे तिने स्वतः काम करून खूण केलेली. नवे इंजिन तळाशी, सर्वांत शेवटी. डावी बाजू कोरी होती.

ते इंजिन सध्या आमच्या गॅरेजात घोंगडीखाली आहे. परत गेल्यावर आम्हांला तिच्याबरोबर सातव्या ओळीला हात घालायचा आहे. त्या इंधनाच्या नळ्या आहेत.