उजेडाचं माप

आजचं तेर गाव म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचं तगर. ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठणहून दहा दिवसांच्या वाटेवरचं फार मोठं शहर अशी त्याची नोंद आहे. इथलं कापड गाड्यांतून भडोच बंदराला जाई. व्यापारानं शहरं वाढतात, घरं घरांना भिडतात आणि आजाराला वाट मिळते.

मुंबईतली मांडवी अशीच व्यापाराची. खाली धान्याची गोदामं, वर माणसांनी भरलेल्या खोल्या. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तिथे प्लेग ओळखला. लाखो लोक शहर सोडून पळाले. सरकारला दोष दिसला तो कोंदट हवेत, म्हणून १८९८ मध्ये ‘बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. समुद्राचा वारा आत यावा यासाठी प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले. पण जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. उठवलेली माणसं शेजारच्या चाळींत शिरली आणि दाटी तिथे वाढली. हे फार मोठं अपयश होतं.

प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा. वाऱ्याचा त्याच्याशी संबंध नव्हता.

तरीही ट्रस्टनं आग्रह धरलेला एक नियम मोलाचा ठरला: साडेत्रेसष्ट अंशांचा. साध्या भाषेत, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मी तरी मोकळी जागा मध्ये हवी, म्हणजे तळमजल्याच्या खिडकीतही उजेड पोचतो. क्षयरोगाला हे माप नेमकं लागू पडतं. त्याचे जंतू कोंडलेल्या हवेत तासन्‌तास तरंगतात. वाहत्या हवेत ते विरळ होतात, उन्हात मरतात.

शंभर वर्षांनी मुंबईतल्याच गोवंडीत नटवर पारेख कंपाउंड उभं राहिलं, ते पुनर्वसनासाठी. इमारती सात मजली, मधलं अंतर जेमतेम तीन मीटर. ‘डॉक्टर्स फॉर यू’ संस्थेच्या २०१८ च्या अभ्यासात अशा वसाहतींतला क्षयरोग आणि अंधाऱ्या, कोंदट खोल्या यांचा संबंध पुढे आला. झोपडीतून पक्क्या घरात आलेल्या माणसांच्या वाट्याला हे यावं, याची चीड यायला हवी.

तेरसारख्या गावांतही माळवदाची घरं जाऊन स्लॅबची घरं येताहेत. वाड्याची वाटणी होते, चौकावर खोल्या चढतात, मधल्या खोलीला बाहेरची भिंतच उरत नाही. बहुधा म्हातारी माणसं त्याच खोलीत झोपतात. नकाशा काढतानाच चौक राखला, तर तिथे हवा खेळेल.